गीतकाराच्या रकान्यात

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढेही कधी बोलले नाही — त्याला माहीत असेलच, असं धरून चालले. तुम्हाला सांगते. एका बैठकीत सांगून होईल असं वाटतंय, कारण गोष्ट लहान आहे. लहान आहे का? — ते शेवटी ठरवा.

आधी मी कोण ते. मी निर्मला, वय बावन्न. कामरगावात एसटी थांब्याजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. पीकविमा, दाखले, पोरींच्या कॉलेजचे प्रवेश, सगळं करते. निम्म्या गावाच्या जन्मतारखा मला तोंडपाठ आहेत. फॉर्ममध्ये खोटं लिहू नका, पुढे त्रास होतो, हे मी दिवसातून चार वेळा लोकांना बजावते. हो — मीच बजावते.

आणि मी गाते. आम्ही नऊ जणी आहोत. गावात कुणाकडे हळद असली की बोलावणं येतं. हळदीला विहिणीला नावं ठेवणारी गाणी म्हणायची आमच्याकडे रीतच आहे. मुलाकडच्या बायका समोर बसतात, आम्ही त्यांच्यातल्या विहिणीची चप्पल, चाल, खाणं, सगळं काढतो, आणि ती बाई हसली तर लग्न चांगलं लागलं असं समजतात. गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी आमच्या एका गाण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. तो इतका फिरला, की पुण्यातल्या कंपनीत कामाला असलेली गावची पोरं आईला फोन करून विचारायला लागली — हे गाणं नीट कुठे ऐकायला मिळेल?

कुठेच नाही, हे त्याचं उत्तर होतं. मग आम्ही ठरवलं की काढायचंच. ॲपवर, रीतसर, तुळशीच्या लग्नाच्या आधी, म्हणजे लग्नसराईला उपयोगी पडेल. कागदपत्रांचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

त्यातलं एक गाणं — ज्याचा व्हिडिओ फिरला ते — गेली सत्तावीस वर्षं ‘निर्मलाचं गाणं’ म्हणून ओळखलं जातं. त्याची तीन कडवी तीस गावांना पाठ आहेत. दोन लिहिते, म्हणजे चव कळेल.

विहीन आमची लाडाची, जीपमधी बसली,
पाटलीण मी म्हणता म्हणता चप्पल तिची फसली.

वरण वाढलं वाटीभर, म्हणे पातळ झालं,
तिसऱ्या वाटीले म्हणे आता मीठ बरोबर आलं.

वाशिमच्या स्टुडिओवाल्याला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, हे जेमतेम दीड मिनिटाचं होतंय, अजून एखादं कडवं असेल तर बघा. मी दुकानात जमलेल्या बायांना सांगितलं. त्यांना ती काही अडचणच वाटली नाही.

“मंग कर ना एक,” कमलबाई म्हणाली. “तुहंच तं गाणं हाये. तीन केले तं चौथं काय जड हाये तुले?”

चार दिवस मी बसले. फॉर्म भरता भरता, पोळ्या लाटता लाटता यमकं जुळवली. काय जुळवलं ते सांगणार नाही. लाज वाटते. एकात विहिणीला मिक्सर घेऊन दिला होता. लेकीला ऐकवलं तर ती म्हणाली, “आई, हे जाहिरातीसारखं वाटते.” बरोबर होतं तिचं. चार दिवसांत मला एक ओळ जमली नाही.

का नाही जमली? — तुमच्या लक्षात आलं असेल. तरी मला ते माझ्या हातानं लिहायचं आहे, म्हणून जरा मागे जाते.

माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. नणंदेचं, सुनंदाचं, लग्न ठरलं, रिठदच्या घरात. घरात आम्ही दोघी सुना होतो. थोरली द्वारकाबाई, माझी जाऊ, चौथीपर्यंत शिकलेली. धाकटी मी, बारावी पास. माझ्या बारावीला घरात फार मान होता. पाहुण्यांना चहा ती द्यायची, आणि ‘ही आमची बारावीवाली’ म्हणून ओळख माझी व्हायची.

लग्नाच्या कुरडया आम्ही दोघी गच्चीवर घालत होतो. सोऱ्या दाबता दाबता द्वारकाबाई ओळी म्हणून बघायची. एक शब्द ठेवायची, एक काढायची, पुन्हा पहिला ठेवायची. ‘तिसऱ्या वाटीले’ म्हणाली तेव्हा मी इतकी हसले की माझ्या हातची कुरडई वाकडी पडली. चार दिवसांत गाणं झालं. ती म्हणाली, “हळदीले तूच म्हणजो. तुहा आवाज मोठा हाये. मले चार लोकांत लाज वाटते.”

मी म्हटलं. इथपर्यंत काही चुकलेलं नाही.

मांडवात जो हशा पिकला तसा मी तेव्हापासून दुसरा ऐकलेला नाही. रिठदची विहीण भरल्या अंगाची, दिलखुलास बाई. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, “कोणं केलं वं हे गाणं? लय भारी हाये.”

मी म्हणाले, “म्या.”

एवढंच. कुणी माझ्यावर जोर केला नव्हता. विचार करायला वेळ होता — ती डोळे पुसत होती, मी श्वास घेतला, आणि म्हणाले. विहिणीनं मला जवळ ओढून बुंदीचा लाडू माझ्या तोंडात घातला. द्वारकाबाई दोन हातांवर हळदीची वाटी घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ती पुढच्या बाईला हळद लावायला वळली.

तिनं चौथंही कडवं केलं होतं, ते मी त्या दिवशी म्हटलंच नव्हतं. हशा चालू होता, तो मोडायचा नव्हता मला. पुढे कधीच म्हटलं नाही, आणि विसरून गेले. दुसऱ्याची वस्तू आपण अशीच वापरतो ना — पाहिजे तेवढीच?

तुम्ही म्हणाल, तरुण होतीस, तोंडातून गेलं. गेलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी मागे घेतलं असतं. माझा खरा गुन्हा याच्या पुढचा आहे.

दहा-बारा वर्षांनी मेडशीला एका लग्नात आम्ही गात होतो. तिथे द्वारकाबाईच्या माहेरची एक बाई भेटली. तिनं गाणं ऐकलं आणि साधेपणानं विचारलं, “हे तं आमच्या द्वारकीचं हाये ना? आमाले म्हणून दाखवलं होतं तिनं.” पंधरा-वीस बाया होत्या. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मी हसून म्हणाले — शब्द न शब्द आठवतो मला — “तिले आपलं नाव लिहाले दोन मिनिटं लागतात, बाप्पा. ती काय गाणं करते.”

सगळ्या हसल्या. द्वारकाबाई माझ्या शेजारी बसली होती. तीही हसली.

पहिलं खोटं होतं. हे दुसरं काय होतं? मी तिचं गाणं घेतलं ते घेतलंच, ती करू शकते हेही घेतलं. त्याआधी ती कामात असताना काहीतरी नवं गुणगुणायची. शेंगा फोडताना, गहू निवडताना. त्यानंतर मी तिच्या तोंडून नवी ओळ ऐकली नाही. किती गाणी झालीच नाहीत, याचा मला अंदाज नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

तर चार दिवस डोकं खाजवून मी पाचव्या दिवशी दुकानात बसले होते. बाया आल्या. कडवं कुठे, कडवं कुठे. मी कागद चाळण्याचं सोंग करत होते. द्वारकाबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर न करता म्हटलं,

“शेवटचं हाये ना ते. हासलो तुले विहीनबाई, मनात नको ठेवू, लेक आमची हसरी हाये, रडू नको देऊ.”

आमच्यातली सगळ्यात म्हातारी वेणूबाई, तिच्या तीन लेकी सासरी नांदतात, तिनं पदरानं नाक पुसलं.

“हे कधी केलं होतं?” कमलबाईनं विचारलं.

“तवाच,” द्वारकाबाई म्हणाली. “निर्मलानंच केलं. तिले याद नसन राह्यलं. किती काम राह्यते तिच्या मांगं.”

तिनं मला झाकलं. सत्तावीस वर्षांनी, भर दुकानात, मेथीची काडी मोडता मोडता. मी काय केलं? — मी ते कडवं टाइप केलं.

त्यानंतरचा महिना माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मजेच्या महिन्यांतला एक आहे, हेही मला कबूल केलं पाहिजे. मनात हे असताना माणूस इतकं हसू शकतं? शकतं. मी हसले.

वाशिमला स्टुडिओत गेलो, दोन जीपमध्ये. स्टुडिओवाल्यानं सगळ्यांच्या कानांना मोठाले हेडफोन लावले आणि सांगितलं, हलू नका, बांगड्या वाजतात. वेणूबाईला लगेच खोकला आला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा खोकला. तिसऱ्या वेळी सगळ्या श्वास रोखून उभ्या असताना द्वारकाबाई अगदी हळू म्हणाली,

“कानाले लावले डब्बे, म्हणे हलू नका बाया,
खोकला आला वेणूबाईले, गेली सकाळ वाया.”

स्टुडिओवाला काचेपलीकडे खुर्चीवरून घसरला. अर्धा तास कुणालाच गाता येईना. कमलबाई म्हणाली, “द्वारके, तू तं कवी निघाली व.” द्वारकाबाई म्हणाली, “कायची कवी. सहज निघालं.” मी पाण्याची बाटली उघडत होते. ती उघडीच होती.

गाणं झालं. मग आली कागदपत्रं. ॲपवर गाणं पोचवणारी एक कंपनी असते, तिच्या साइटवर सगळं चढवायचं. आवाजाची फाइल पूर्ण वजनाची पाहिजे. व्हॉट्सॲपवर पाठवून हलकी झालेली चालत नाही, म्हणून मी पेनड्राइव्ह घेऊन पुन्हा वाशिमला गेले. गाण्याचे सगळे शब्द लिहून पाहिजेत. भाषा पाहिजे. यादीत वऱ्हाडी नव्हती, मी मराठी निवडली. कमलबाई म्हणाली, “मंग बरोबरच हाये. आपली मराठीच हाये, त्याहीची पुस्तकी हाये.” गाणाऱ्यांचं नाव पाहिजे. त्यावर दोन दुपारी गेल्या आणि शेवटी ‘कामरगावच्या नऊ जणी’ ठरलं.

एक रकाना होता — गाण्यात आक्षेपार्ह शब्द आहेत का.

“आक्षेपार्ह म्हंजे?” वेणूबाई.

“शिव्या,” मी म्हणाले.

“शिव्या नाही देऊ तं हळदीले जावं कायले माणसानं?”

“विहिणीले नाव ठेवलं तं ते शिवी होते का?” कमलबाईनं विचारलं.

“ठेवणारीले नाही होत. विहिणीले इचारा लागीन,” वेणूबाई म्हणाली.

मी ‘नाही’वर खूण केली.

आणि मुखपृष्ठ. ॲपवर गाण्याशेजारी चौकोनी चित्र दिसतं ते. मी कारंज्याच्या फ्लेक्सवाल्याकडे गेले, कारण गावातलं प्रत्येक चित्र तोच करतो. त्यानं त्याच्या सवयीनं केलं. मधे सोनेरी अक्षरात नाव, भोवती गोलांमध्ये आम्ही नऊ जणी, खाली ‘शुभेच्छुक : समस्त गावकरी मंडळी’, कमलबाईच्या हट्टानं तिच्या मुलाचा गॉगल घातलेला फोटो, आणि सगळ्यात खाली ‘हळदीच्या कार्यक्रमासाठी संपर्क’ म्हणून माझा मोबाइल नंबर. सगळ्यांना इतकं आवडलं की वेणूबाई म्हणाली, हे चौकात लावू.

आता त्या रकान्याकडे येते. ‘गीतकार : आधारवर असलेलं पूर्ण नाव. हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही.’

‘पारंपरिक’ असा एक पर्याय होता. माझं बोट त्याच्यावर गेलं, हे सांगून ठेवते. कुणाचंच नाही, सगळ्यांचं आहे — किती सोयीचं ना? पण कमलबाई स्क्रीनमध्ये डोकं घालून बसली होती. “पारंपरिक काहून? तुहं नाव टाक ना ठसक्यात.” बाकीच्या म्हणाल्या, टाक, टाक. द्वारकाबाई माझा रिकामा डबा पिशवीत भरत होती. मी माझं नाव टाइप केलं, तीनही शब्द, आणि फॉर्म पाठवला. दिवसातून चार वेळा लोकांना बजावणारी मी.

चौथ्या दिवशी फॉर्म परत आला. नावासाठी नाही — त्यांना काय माहीत? मुखपृष्ठासाठी. चित्र आडवं आहे, चौकोनी पाहिजे. मोबाइल नंबर चालत नाही. गाण्याशी संबंध नसलेल्या माणसाचा फोटो चालत नाही. गॉगलवाला गेला म्हणून कमलबाई दोन दिवस रुसली. आम्ही शाळेच्या भिंतीपुढे तीन-तीनच्या तीन ओळींत उभ्या राहून साधा फोटो काढला. त्यात सगळ्या हसतायत, कारण फोटो काढणाऱ्या माझ्या नवऱ्यानं आधी स्वतःचाच काढला होता.

तो फोटो चढवायला मी एकटी दुकानात बसले, भर दुपारी. फॉर्म पूर्ण उघडला होता. गीतकाराचा रकानाही. माझं नाव पुसलं आणि द्वारकाबाईचं लिहिलं. तिचं आधार माझ्याच कॉम्प्युटरमध्ये आहे, बघायचीही गरज नव्हती. पाठवला. उठून पाणी प्यायले. फार हलकं वाटलं.

त्या हलकं वाटण्यावर विश्वास ठेवू नका. मीही ठेवायला नको होता.

गाणं आलं त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी स्पीकर लावला. स्वतःचाच आवाज स्पीकरमधून आला तेव्हा वेणूबाई म्हणाली, “ही कोण व इतकी बेसूर?” आणि ती तीच होती. पेढे आले. थांब्यावरचा कंडक्टर येऊन ऐकून गेला, गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली. चौथं कडवं संपलं तसे सगळे पुन्हा लावा म्हणाले. आता त्याच दोन ओळी बाया स्टेटसला ठेवतात. सुनंदानं रिठदहून फोन केला. तिची सासू, तीच विहीण, आता थकली आहे, पण ऐकून अजूनही तिसऱ्या वाटीलाच हसते. द्वारकाबाई नाचली. मी तिला कधी नाचताना पाहिलं नव्हतं. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, पायात चप्पल नाही.

नाचून दमली, माझ्याजवळ येऊन बसली. मोबाइल हातात घेतला, आमचा नऊ जणींचा फोटो बोटानं मोठा करून पाहिला. मग म्हणाली,

“याच्यात लिहिणारीचं नाव दिसते का व?”

सहज विचारलं. की सहज नाही? मला कळलं नाही.

“दिसते,” मी म्हणाले. “पण लय आत राह्यते.”

“राहू दे मंग,” ती म्हणाली, आणि पेढा घेतला.

तीन ठिपक्यांवर बोट लावायचं, खाली सरकवायचं, एकदा पुन्हा बोट लावायचं. इतकंच आत आहे ते. तिचं नाव तिथे होतं, मीच टाकलेलं. आठ बाया, कंडक्टर, पेढेवाला, सगळे उभे होते. मी बोट लावलं नाही.

म्हणजे मी काय केलं होतं? मी खरं अशा जागी लिहिलं होतं, जिथे कुणी बघत नाही. आणि त्याला मी हलकं होणं म्हणत होते.

पुढच्याच आठवड्यात गावात हळद होती. डीजेवाल्यानं गाणं लावलं, शंभर बाया एका सुरात म्हणायला लागल्या. काय आनंद होता तो! नवरीकडची एक म्हातारी गर्दीतून वाट काढत आली, माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, “काय गाणं केलं व माय.” द्वारकाबाई हाताच्या अंतरावर गात होती. मी त्या म्हातारीला वाकून नमस्कार केला. फॉर्ममध्ये नाव बदलून महिना झाला होता — आणि मी नमस्कार केला.

द्वारकाबाईची माफी मागायला मी गेलेले नाही. मागितली तर ती “जाऊ दे व” म्हणेल, मला माहीत आहे. म्हणजे तिच्याकडून आणखी एक वस्तू घेऊन मी घरी येईन. ते करणार नाही.

जे झालं ते असं आहे. विहिणीचं गाणं द्वारकाबाईनं केलं. चारही कडवी तिची. मी ते माझं म्हणून सांगितलं, आणि नंतर तिला गाणं करताच येत नाही असंही सांगितलं. दोन्ही मी जाणूनबुजून केलं.

ह्या चार ओळी मोठ्या अक्षरात छापून झाल्या आहेत. खाली माझी सही आहे. उद्या दुकान उघडलं की पहिल्यांदा त्या काचेवर आतून चिकटवणार आहे, कोणत्या फॉर्मला कोणते कागद लागतात ती यादी असते तिथे. अकरा वाजता द्वारकाबाई माझा डबा घेऊन येते. मी आत बसलेली असेन.